‘चाललंय माझं’ म्हणणाऱ्या आईचे दात

प्रश्न: माझी आई ६८ वर्षांची आहे, वाईजवळच्या गावात राहते. वरचे सगळे दात गेले आहेत, खाली समोरचे पाच उरलेत. दोन वर्षांपूर्वी वरची कवळी केली, ती डबीतच असते. विचारलं की म्हणते, ‘चाललंय माझं’. पण भाकरी आमटीत कुस्करून खाते, लग्नाच्या जेवणाला जायचं टाळते, वर्षभरात वजनही उतरलंय. भाऊ म्हणतो, वय झालं, हे व्हायचंच. तोंडाच्या आरोग्याचा जगण्याच्या दर्जावर परिणाम होतो असं खरंच संशोधन आहे, की हे दातांच्या डॉक्टरांचंच म्हणणं आहे? पुन्हा खर्च करावा का?

उत्तर:

ताई, संशोधन आहे आणि ते भरपूर आहे. गेली चाळीसेक वर्षं निरनिराळ्या देशांत हा परिणाम मोजला गेला आहे आणि तो खरा आहे. भावाला एक गोष्ट सांगा. म्हातारपणी दात गेलेले जास्त दिसतात हे खरं, पण दात वयामुळे जात नाहीत. ते किडीमुळे आणि हिरड्यांच्या आजारामुळे जातात आणि ही दोन्ही दुखणी वेळेत आवरता येतात. जपानमध्ये १९८९ पासून ‘८०२०’ नावाची मोहीम चालते. ऐंशीव्या वर्षी स्वतःचे निदान वीस दात तोंडात असावेत, हे तिचं उद्दिष्ट. वयाबरोबर दात जाणारच असं मानलं असतं, तर कुठल्याही देशानं असं उद्दिष्ट ठेवलं नसतं.

मी कवळ्या आणि कृत्रिम दातांचंच काम करतो, त्यामुळे तुमची शंका रास्त आहे. म्हणून या संशोधनानं आम्हा दंतवैद्यांना ‘इथे खर्च करायला लावू नका’ असं जिथे बजावलं आहे, तेही सांगणार आहे.

आधी हे मोजतात कसं ते पाहू. १९३८ पासून आमच्या शास्त्रात एक मोजणी रूढ आहे : किडलेले दात किती, काढलेले किती, भरलेले किती. साथरोगांच्या अभ्यासाला ती फार उपयोगी. पण त्या आकड्यात माणूस कुठेच नसतो. बारा दात गेलेला एखादा आनंदानं जेवतो आणि समोरचा एकच दात गेलेली मुलगी कॉलेजात तोंड उघडत नाही. आकड्याप्रमाणे पहिल्याची अवस्था वाईट. १९७० च्या दशकात काही अभ्यासकांनी ही त्रुटी दाखवली. पुढे १९८८ मध्ये टोरंटोच्या डेव्हिड लॉकर यांनी एक मांडणी केली. आजारानं अवयवात बिघाड होतो, बिघाडामुळे काम अडतं किंवा दुखतं, त्यातून रोजचे व्यवहार अडतात आणि शेवटी माणूस चारचौघांतून बाजूला पडतो. तुमच्या आईचं पाहा. दात गेले, भाकरी चावेना, पंगत सुटली. साखळी तीच आहे.

या मांडणीवरून ऑस्ट्रेलियात ॲडलेड इथे स्लेड आणि स्पेन्सर यांनी १९९४ मध्ये ४९ प्रश्नांची प्रश्नावली केली. तिची मला आवडणारी गोष्ट अशी की बहुतेक प्रश्न डॉक्टरांच्या डोक्यातून आलेले नाहीत. ६४ रुग्णांना दातांमुळे काय काय सोसावं लागतं ते विचारलं, त्यातून ५३५ विधानं जमली आणि ती गाळत गाळत प्रश्न तयार झाले. १९९७ मध्ये तिचं १४ प्रश्नांचं छोटं रूप आलं. आज जगभर सगळ्यांत जास्त तेच वापरलं जातं. उच्चार नीट होतात का, चव गेल्यासारखी वाटते का, जेवण मध्येच थांबवावं लागतं का, चारचौघांत लाज वाटते का, घरच्यांवर चिडचिड होते का, असे ते प्रश्न. प्रत्येकाला ‘कधीच नाही’पासून ‘नेहमीच’पर्यंत ० ते ४ गुण. एकूण ५६. आकडा जितका मोठा तितका त्रास जास्त.

वयस्कर लोकांसाठी अमेरिकेत १९९० मध्ये १२ प्रश्नांची वेगळी प्रश्नावली तयार झाली. लंडनच्या ऑब्री शीहॅम यांनी थायलंडमधल्या कामातून १९९७ मध्ये आठ रोजच्या गोष्टी निवडल्या : खाणं, बोलणं, दात घासणं, झोप, हसणं, मनःस्थिती, कामधंदा आणि लोकांत मिसळणं. यातली कुठली गोष्ट किती वेळा अडते आणि अडल्यावर किती जाचते, दोन्ही विचारायचं. मला स्वतःला हीच पद्धत जवळची वाटते, कारण रुग्ण तिच्यावर बोलायला लागतो.

आता हाती काय लागलं ते.

दात गेल्यानं जगण्याचा दर्जा घसरतो, हे २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासून नक्की झालं. त्याच पाहणीत हेही दिसलं की नुसती संख्या पाहून भागत नाही. कुठला दात गेला आणि वर-खाली चावायला जोड्या किती उरल्या, यावर त्रास ठरतो. नेदरलँड्समध्ये नाइमेखनच्या कायझर यांनी १९८० च्या सुमारास दाखवलं होतं की समोरचे दात आणि त्यांच्यामागच्या छोट्या दाढा शाबूत असतील, तर मागच्या मोठ्या दाढा नसतानाही पुष्कळ लोकांचं व्यवस्थित चालतं. म्हणजे मागची एखादी दाढ गेली की तिथे लगेच दात बसवलाच पाहिजे असं नाही. चावताना अडत नसेल, शेजारचे दात कलत नसतील, तर थांबता येतं. कोणी दंतवैद्य रिकामी जागा दिसताच हजारोंचं अंदाजपत्रक मांडत असेल, तर ‘न केल्यास माझं काय अडेल?’ हे नक्की विचारा.

हिरड्यांच्या आजाराला आम्ही पूर्वी ‘मुका’ आजार म्हणायचो, कारण तो ठणकत नाही. पण रुग्णांना विचारायला लागल्यावर तो तितका मुका नाही हे कळलं. हलणारे दात, तोंडाचा वास, घास अडकणं, दातांमधल्या फटी, या सगळ्यानं माणूस बोलताना मागे सरकतो. आजार जितका पुढे गेलेला, तितका गुणांचा आकडा चढता. २०१६ च्या एका मोठ्या आढाव्याचाही निष्कर्ष हाच होता.

मुलांचा विषय तुमच्या प्रश्नात नाही, पण घरात नातवंडं असतील म्हणून सांगतो. २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्याकडे पाच वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त मुलांना कीड होती. लहान मूल ‘दाढ दुखते’ म्हणत नाही. ते एकाच बाजूनं खातं, घास तोंडात धरून बसतं, रात्री रडत उठतं, शाळेत पेंगतं. आई-वडिलांना वाटतं, पोर खायला कटकट करतं. खूप किडलेल्या दातांच्या मुलांचं वजन कमी भरतं आणि उपचारांनंतर वाढ सुधारते, असं काही अभ्यासांत दिसलं, सगळ्यांत नाही. पण उपचारांनंतर मुलाची झोप आणि जेवण सुधारतं आणि घरच्यांची रात्र शांत जाते, हे पालकांना विचारून केलेल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळलं आहे.

महाराष्ट्रात आणखी एक दुखणं आहे आणि त्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. सुपारी, गुटखा, खर्रा यांमुळे गालाच्या आतली कातडी ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. निरोगी माणसाच्या तोंडात साधारण तीन बोटं उभी मावतात, या रुग्णांच्या तोंडात दोन, कधी एक. माझ्याकडे पंचविशीतली पोरं येतात. वडापाव दाबून चपटा केल्याशिवाय तोंडात जात नाही, तिखट लागलं की डोळ्यांत पाणी, घासायचा ब्रश मागच्या दाढांपर्यंत पोचत नाही. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे. तरी २०१६-१७ च्या पाहणीत राज्यातले जवळपास चोवीस टक्के प्रौढ धूर न होणारा तंबाखू वापरत होते. या रुग्णांचे हाल नेहमीच्या प्रश्नावलीत नीट उतरत नाहीत, म्हणून विदर्भातल्या संशोधकांनी खास या आजारासाठी प्रश्नावली तयार केली. ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. जिथे दुखणं आहे तिथल्याच माणसांनी प्रश्न तयार केले, याचं मला फार मोल वाटतं. तुमच्या आई मिश्री लावत असतील, तर तेही दंतवैद्याला न लाजता सांगा. गावाकडच्या त्यांच्या वयाच्या बऱ्याच बायका लावतात. त्यांच्या तोंडाची आतून नीट तपासणी व्हायलाच हवी.

आता तुमच्या आईच्या ‘चाललंय माझं’कडे येतो. माझ्या मते या सगळ्या संशोधनातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी चर्चेतली गोष्ट हीच आहे.

ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या राष्ट्रीय पाहण्यांची २००४ मध्ये तुलना झाली. तोंडात दात तेवढेच असताना तरुणांपेक्षा म्हाताऱ्यांनी त्रास कमी सांगितला. हा प्रकार इतर ठिकाणीही दिसतो. याचा अर्थ त्यांचं दुखत नव्हतं असा घ्यायचा का? काहींनी खरोखरच जुळवून घेतलेलं असतं आणि ती त्यांची ताकद आहे. पण बऱ्याच जणांनी अपेक्षाच खाली आणलेली असते. आपल्या आईला, सासूला याच वयात बोळकं झालेलं पाहिलेलं असतं. मग ‘दातांमुळे तुम्हाला त्रास होतो का?’ या प्रश्नाला उत्तर येतं, ‘कसला त्रास?’

दुसरी गोम याहून बारीक आहे. प्रश्न विचारला जातो, ‘चावताना अडचण येते का?’ पेरू सोडला, शेंगदाणे सोडले, कडक भाकरी सोडली, काकडी किसून घेतली, की चावताना अडचण येणार कशी? उत्तर ‘नाही’ असंच येतं आणि कागदावर आई ठणठणीत ठरते. त्यात या प्रश्नावल्यांमधले पदार्थ परदेशी. अमेरिकेतल्या त्या बारा प्रश्नांत उदाहरण आहे घट्ट मांसाचं आणि सफरचंदाचं. आपल्याकडे ज्वारीची भाकरी, हुरडा, कच्चा कांदा, ऊस आणि भाजलेल्या शेंगा विचारल्याशिवाय काही कळणार नाही. म्हणून मी ‘काय चावत नाही?’ असं विचारत नाही. ‘कवळी करायच्या आधी काय खायचात जे आता खात नाही?’ असं विचारतो. आधी थोडी शांतता असते, मग यादी सुरू होते. एका आजींनी यादी संपवून पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, ‘हळदीकुंकवाला जाते, पण तिळाची वडी घरी घेऊन येते.’ आधीच्या चौदाही प्रश्नांना त्यांचं उत्तर ‘नाही’ होतं.

हे संशोधन कुठे तोकडं आहे तेही सांगतो. बहुतेक अभ्यास एकाच वेळी घेतलेल्या पाहणीचे आहेत. दात वाईट आणि जगणंही वाईट, हे दोन्ही गरिबीमुळे असू शकतं. मन उदास असलेला माणूस सगळ्याच प्रश्नांना जास्त त्रास सांगतो. दात गेले की विस्मरण होतं, हृदयविकार होतो, अशा बातम्या येतात. त्या दोन्ही गोष्टी एकत्र आढळतात हे खरं, पण एकीमुळे दुसरी होते असं त्यावरून म्हणता येत नाही. अशा बातम्या दाखवून कोणी घाबरवत असेल तर घाबरू नका.

म्हणूनच आईचं वजन उतरल्याचा दोष लगेच दातांना देऊ नका. आधी त्यांना तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या. साखर, थायरॉईड, रक्त, जुना खोकला, गिळताना अडकणं, झोप आणि मन, हे सगळं पाहून घ्यायला सांगा. अडुसष्टाव्या वर्षी नकळत वजन उतरत असेल तर ते शोधायलाच हवं, मग कवळी बसो न बसो.

आता कवळी डबीत का राहते ते. तुम्ही लिहिलंय, वर एकही दात नाही आणि खाली फक्त समोरचे पाच. कवळीच्या दृष्टीनं ही सगळ्यांत अवघड रचनांपैकी एक. वरची पूर्ण कवळी टाळूला हवेच्या पकडीवर चिकटून बसते. खाली मागे दात नाहीत, म्हणून माणूस समोरूनच चावतो. खालच्या पाच खऱ्या दातांचा सगळा मार वरच्या कवळीच्या पुढच्या भागावर येतो, पुढून ती वर दाबली जाते आणि मागून सुटते. दर घासाला हेच. वर्षा-दोन वर्षांत वरच्या हिरडीखालचं पुढचं हाड झिजतं, तिथली हिरडी मऊ आणि लिबलिबीत होते आणि कवळी आणखी डुलते. १९७० च्या दशकापासून हे आमच्या पुस्तकांत आहे. आईंना कवळीची सवय झाली नाही असं घरात म्हणत असतील, पण दोष बहुधा त्यांच्या सवयीचा नसावा. खाली मागच्या बाजूला आधार न देता फक्त वरची कवळी केली असेल, तर ती टिकणं कठीणच होतं.

तोंड न पाहता मी निदान करणार नाही, पण घरी एक गोष्ट तुम्ही पाहू शकता. आईंना कवळी घालायला सांगा आणि समोरच्या दातांनी कापसाची छोटी गुंडाळी चावायला द्या. मागून कवळी टाळूपासून सुटलेली दिसली किंवा ‘टक्’ असा आवाज आला, तर मी सांगितलं तेच घडतंय. मग कवळी काढून टाळू आणि हिरडी उजेडात पाहा. लाल चट्टा, फोड, किंवा कवळीच्या कडेला वाढलेलं मांस दिसलं तर दोन-चार दिवस कवळी न घालता दाखवायला न्या. दोन आठवड्यांत न भरणारी कुठलीही जखम असेल, विशेषतः तंबाखू किंवा मिश्रीची सवय असेल, तर एक दिवसही लांबवू नका.

उपाय बहुधा असा निघेल : वरच्या कवळीला आतून नवा थर देऊन ती घट्ट करायची किंवा ती नव्यानं करायची, आणि खाली मागच्या दोन्ही बाजूंना दातांची काढघाल करता येणारी अर्धी कवळी. खालचे पाच दात चांगले असतील तर ते काढू देऊ नका. ‘सगळे काढून पूर्ण कवळी करू, सोपं पडेल’ असं कोणी म्हणालं तर दुसऱ्या दंतवैद्याचं मत घ्या. खालची पूर्ण कवळी सांभाळणं फार कठीण असतं, कारण तिला टाळूसारखी जागा नसते आणि जीभ तिला सारखी उचलते. खाली एकही दात नसलेल्यांसाठी दोन इम्प्लांटवर, म्हणजे हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळांवर, कवळी बसवावी, असं कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात २००२ मध्ये जमलेल्या तज्ज्ञांनी सुचवलं होतं आणि रुग्णांचं समाधान त्यानं वाढतं हे खरं आहे. पण आईंना आज त्याची गरज दिसत नाही. तो खर्च करायला निघू नका.

पैशांची अडचण असेल तर दंत महाविद्यालयांत हे काम खासगी दवाखान्यापेक्षा बरंच स्वस्तात होतं. तुम्हाला कराड, सांगली किंवा पुणं जवळ पडेल. फेऱ्या जास्त होतात, पण प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम होतं आणि या रचनेला तशी देखरेख हवीच.

आणि नवी कवळी बसली की आई आपोआप पूर्वीसारखं खायला लागतील असं समजू नका. संशोधन याबाबत स्पष्ट आहे. नुसत्या नव्या कवळीनं आहार फारसा सुधारत नाही. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या अभ्यासकांनी कवळीबरोबर आहाराचं मार्गदर्शनही दिलं, तेव्हा फळं-भाज्या खाण्यात वाढ दिसली. सवय मोडलेली असते, भीती बसलेली असते. म्हणून पहिले काही आठवडे भाकरीचा छोटा तुकडा, दोन्ही बाजूंना थोडा थोडा घास ठेवून चावणं, मग मऊ शिजवलेली शेंग, मग काकडीची पातळ चकती, असं चढत जा. समोरच्या दातांनी तोडू नका, हातानं तुकडा करून बाजूला ठेवा. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवा आणि टाळू बोटानं चोळून स्वच्छ करा.

दंतवैद्याकडे जाण्याआधी आईंजवळ बसून एका कागदावर लिहून घ्या : काय खायचं सोडलं, कुठे जायचं सोडलं, कोणासमोर बोलताना तोंड झाकतात, रात्री झोप कशी. ‘त्रास होतो का’ असं विचारू नका, ‘काय सोडलं’ असंच विचारा. तो कागद दंतवैद्याला दाखवा आणि यातलं काय परत मिळू शकेल ते त्याच्याकडून स्पष्ट करून घ्या. काम झाल्यावर तीन महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारा. यादी तशीच राहिली असेल तर कवळी परत दाखवा. नव्या कवळीला टोचणाऱ्या जागा घासून घ्यायला दोन-तीन फेऱ्या लागतातच, त्यांचे पैसे वेगळे आहेत का हे काम सुरू होण्याआधीच ठरवून घ्या.